ऐकलेले पोटात ठेवण्याचे व्रत

सेवाकार्याचा हिशेब बहुधा आकड्यांत मांडला जातो. किती रुग्ण तपासले, किती कुटुंबांपर्यंत शिधा पोहोचवला, किती विद्यार्थ्यांची फी भरली, दूरध्वनीवरून किती जणांना धीर दिला, हे सारे वार्षिक अहवालातील तक्त्यांत छापले जाते. ते छापलेही पाहिजे. समाजाने दिलेल्या पैशाचा हिशेब समाजाला मिळालाच पाहिजे. मात्र सेवेची एक बाजू कोणत्याच तक्त्यात मावत नाही. मदत मागायला आलेल्या माणसाने जे सांगितले, त्यातले काहीही बाहेर गेले नाही, याची नोंद कोठे होत नाही. वस्तुतः कोणत्याही समुपदेशन केंद्राची, हेल्पलाइनची वा व्यसनमुक्ती केंद्राची खरी पुंजी हीच असते.

मदत मागणारा माणूस संस्थेला सर्वप्रथम देतो ते आपले गुपित. नवरा दारू पिऊन मारतो, मुलगा रात्र-रात्र झोपत नाही आणि स्वतःशीच बोलतो, धंदा बुडाला आहे आणि सावकार दाराशी येतो, रक्ताच्या तपासणीत नको तो आजार निघाला आहे. हे शब्द सख्ख्या भावाजवळही न उच्चारलेले असतात. ते अनोळखी कार्यकर्त्यासमोर उच्चारले जातात, कारण ते येथून पुढे जाणार नाहीत, असा विश्वास वाटतो. मदत मिळण्यापूर्वीच माणसाने आपल्या बाजूने एवढे मोठे देणे दिलेले असते. ते देणे सांभाळण्याची जबाबदारी संस्थेची आहे, आणि ती पेलण्याची तयारी नसेल तर सेवेचा फलक लावण्याचा अधिकारही नाही.

झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. या म्हणीत व्यवहाराचे कठोर सत्य आहे. एखाद्या घरातील थोरल्या मुलाला मानसिक आजार आहे, हे गावात कळले की धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी अर्ध्यावर थांबतात. एखादी विवाहिता सल्ला केंद्रात जाऊन आली, हे सासरी कळले की त्या रात्री तिच्या वाट्याला काय येईल, हे सांगण्याची गरज नाही. क्षयरोगाची गोळी सुरू आहे म्हणून भाड्याची खोली गेलेली माणसे असतात. दारू सोडून सहा महिने झालेल्या माणसाला नोकरी मिळत नाही. कारण तो पूर्वी कोठे दाखल होता, हे कोणी तरी मालकाच्या कानावर घातलेले असते. केंद्रातील साध्या दोनशे पानी नोंदवहीत अशा रीतीने लोकांची लग्ने, नोकऱ्या, घरे आणि कित्येकदा प्राणही अडकलेले असतात.

शहरातील व्यावसायिक समुपदेशकाला ही गोष्ट एका अर्थाने सोपी जाते. त्याच्याकडे येणारा माणूस त्याच्या गल्लीत राहत नाही. वस्तीत किंवा सोसायटीत चालणाऱ्या सेवाकार्याची रीत निराळी असते. तेथे काम करणारी ताई त्याच आळीतली असते, मदत घेणारी वहिनी तिला हळदीकुंकवाला भेटते, दोघींची मुले एकाच शाळेत असतात. हा आपलेपणा हेच अशा कामाचे बळ आहे, आणि तोच त्यातील धोकाही. वहिनींचे आता बरे आहे ना, असे चार बायकांदेखत मायेने विचारले, तरी बिंग फुटते. त्यात दुष्टावा नसतो, किंबहुना काळजीच असते. परंतु परिणामाच्या दृष्टीने चहाडी आणि काळजी यांत फरक उरत नाही. म्हणूनच या क्षेत्रात नुसता चांगुलपणा पुरत नाही, त्याला शिस्तीची जोड लागते.

आपली परंपरा काय सांगते

खाजगीपणा ही पाश्चात्त्यांची व्यक्तिवादी कल्पना आहे, आपला समाज कुटुंबप्रधान आहे, येथे एकमेकांपासून लपवायचे काय, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो वरवर पटण्यासारखा वाटला तरी टिकणारा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या शिष्याला गुरूने करावयाचा उपदेश आला आहे. रुग्णाच्या घरात जे काही दिसेल वा कळेल, त्याची बाहेर वाच्यता करू नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. इतकेच नव्हे, तर रुग्णाचे आयुष्य थोडे उरले आहे हे ठाऊक असले, तरी ते सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला धक्का बसणार असेल, तेथे ते बोलू नये, असाही विवेक शिकवला आहे. घराचा उंबरठा ओलांडून आत जाण्याचा मान ज्याला मिळतो, त्याच्यावर आतले आत ठेवण्याचे बंधन येते, हे सूत्र या भूमीत फार जुने आहे.

दानाविषयीची आपली धारणाही हीच आहे. गुप्तदानाला श्रेष्ठ मानणाऱ्या समाजाला केवळ देणाऱ्याच्या अहंकाराची चिंता नव्हती. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हाही त्यामागचा विचार होता. आज मात्र शिध्याच्या पिशवीचे एक टोक दात्याच्या हातात आणि दुसरे विधवेच्या हातात धरून छायाचित्र काढल्याखेरीज कार्यक्रम संपत नाही. ते छायाचित्र दुपारपर्यंत पाच-पन्नास मोबाइलवर पोहोचते. पिशवीतले धान्य पंधरा दिवसांत संपते. छायाचित्र तिच्या मुलाच्या वर्गमित्राच्या मोबाइलवर वर्षानुवर्षे राहते.

नाव न विचारण्याचे सामर्थ्य

परदेशांतही ज्या सेवा टिकल्या, त्यांचा पाया हाच आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो प्रांतात मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्या दोघांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. अनामिकता तिच्या नावातच आहे. आडनाव, हुद्दा, घराणे दाराबाहेर ठेवून माणसे तेथे एकत्र बसतात. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. तीच पुढे समॅरिटन्स या नावाने ओळखली गेली. ऐकणारे सारे सामान्य स्वयंसेवक, आणि सांगणाऱ्याने नाव सांगण्याची सक्ती नाही.

आपल्याकडे चेन्नईत १९८६ मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी आत्महत्या प्रतिबंधासाठी स्नेहा ही संस्था सुरू केली. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्याआधी १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने अत्याचारग्रस्त महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला होता. १९९६ मध्ये मुंबईतूनच १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची सुरुवात झाली. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध झाली. या सगळ्या व्यवस्थांचे स्वरूप भिन्न आहे. कोणी शासकीय, कोणी स्वयंसेवी. परंतु फोन उचलणाऱ्यावर किंवा समोर बसलेल्यावर सांगणाऱ्याचा विश्वास नसेल, तर यांतील एकही व्यवस्था आठ दिवस चालणार नाही.

दारावरचा कागद

गुप्तता मोडली की काय होते, याचा अनुभव सर्व देशाने कोरोनाच्या काळात घेतला. २०२० साली अनेक शहरांत रुग्णांच्या आणि विलगीकरणात असलेल्यांच्या घरांवर सूचनापत्रे चिकटवली गेली. कर्नाटकात तर विलगीकरणातील लोकांचे पत्तेच प्रसिद्ध झाले. हेतू लोकांनी सावध राहावे हा होता. परिणाम असा झाला की दूधवाला येईनासा झाला, मोलकरणीला दुसऱ्या घरची कामे गमवावी लागली, बरा होऊन घरी परतलेला माणूसही वाळीत पडल्यासारखा झाला. पुढची पायरी अधिक घातक होती: लक्षणे असूनही लोक तपासणी टाळू लागले. अखेर ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार सक्षम अधिकाऱ्याचा तसा विशेष आदेश असल्याशिवाय कोणाच्याही घरावर असे कागद लावण्याची आवश्यकता नाही.

या प्रसंगातून निघणारा धडा महामारीपुरता मर्यादित नाही. माहिती उघड झाली की माणसे मदतीपासून दूर पळतात. ज्याचे बिंग फुटले, त्या एकट्याचे नुकसान होऊन विषय संपत नाही; त्याच्याकडे पाहून आणखी दहा जण आपले दुखणे अंगावर काढण्याचा निर्णय घेतात. त्या दहांची नोंद कोणत्याही केंद्राच्या वहीत नसते, कारण ते केंद्रापर्यंत पोहोचलेलेच नसतात.

कपाटातून संगणकात

पूर्वी गुपित कपाटात असे. फुटले तर ते गल्लीत फुटे. आता नोंदी संगणकात गेल्या आहेत, आणि एका रात्रीत सारेच उघड्यावर येऊ शकते. फिनलंडमधील वास्तामो या खाजगी मानसोपचार संस्थेचे उदाहरण जगभर गाजले. तिच्या देशभर शाखा होत्या. तीस हजारांहून अधिक लोकांच्या उपचारांच्या नोंदी चोरीला गेल्या. चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली आणि मग ऑक्टोबर २०२० मध्ये एकेका रुग्णाला ई-मेल पाठवून पैशांची मागणी केली. नाही तर समुपदेशकासमोर बोललेले सारे जगजाहीर करण्याची धमकी दिली. पुढे संस्थेचे दिवाळे निघाले. २०२४ मध्ये तेथील जिल्हा न्यायालयाने आरोपीला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. शिक्षेने न्याय झाला असेल. बाहेर गेलेला शब्द मात्र कोणत्याही न्यायालयाला परत आणता येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या संगणकांवर हल्ला झाला. युद्ध, आपत्ती आणि स्थलांतरात ताटातूट झालेल्या कुटुंबांची गाठ घालून देण्याचे काम ही संस्था करते. जगातील किमान साठ राष्ट्रीय संस्थांकडून आलेली, पाच लाख पंधरा हजारांहून अधिक लोकांची माहिती त्या हल्ल्यात सापडली. बेपत्ता माणसे, कैदी, आप्तांचा शोध घेणारे लोक. ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे काही उरलेले नव्हते, त्यांची नावे तेवढी उरली होती, तीही सुरक्षित राहिली नाहीत.

हे झाले चोरांचे. कधी कधी घर फिरते ते आतून. अमेरिकेतील क्रायसिस टेक्स्ट लाइन ही संस्था संकटातील लोकांशी मोबाइलवरील संदेशांतून संवाद साधते. या संवादांची माहिती, नावे वगळून, नफ्यासाठी चालणाऱ्या एका संलग्न कंपनीला दिली जात असल्याचे जानेवारी २०२२ मध्ये उघड झाले. ती कंपनी ग्राहकसेवेसाठी संगणकप्रणाली बनवीत होती. टीका होताच काही दिवसांत हा व्यवहार थांबवण्यात आला. नावे वगळली होती, हा बचाव लोकांना पटला नाही. कारण मृत्यूच्या विचारात असताना लिहिलेले शब्द दुसऱ्याच्या व्यापाराच्या कामी यावेत, हे कोणालाच रुचण्यासारखे नव्हते.

सद्हेतूही वाट चुकवू शकतो. ज्या समॅरिटन्सचा वर उल्लेख आला, त्याच संस्थेने २०१४ च्या ऑक्टोबरअखेर ट्विटरसाठी एक सुविधा आणली. ओळखीच्या एखाद्याच्या लिखाणात निराशेचे शब्द आढळले की ती सुविधा घेणाऱ्याला सूचना मिळत असे. ज्यांच्या लिखाणावर ही पाळत होती, त्यांना मात्र याची कल्पना दिलेली नव्हती. जो मित्राला कळेल, तोच इशारा छळणाऱ्यालाही कळेल, हे लोकांनी दाखवून दिले आणि जेमतेम दहा दिवसांत ती सुविधा थांबवावी लागली. साठ वर्षे विश्वास जपलेली संस्थाही नव्या साधनाच्या मोहात चुकू शकते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कायदा काय सांगतो

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला आणि खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला आपल्या आजाराची व उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला. एचआयव्ही व एड्सविषयीच्या २०१७ च्याच कायद्याने, अपवाद सोडता, बाधिताची स्थिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास मनाई केली. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील नियमांप्रमाणे निवारागृहातील स्त्रीने तशी इच्छा व्यक्त केल्यास ती तेथे असल्याचे गुप्त ठेवावे लागते. ज्याच्याविरुद्ध तिची तक्रार आहे त्यालाही ते कळवता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या बळीची ओळख प्रसिद्ध करणे हा पूर्वी भारतीय दंडविधानानुसार गुन्हा होता, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडित व्यक्ती मरण पावली असली, तरी केवळ नातेवाइकांच्या परवानगीने तिचे नाव उघड करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सांगितले.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या साऱ्याला व्यापक चौकट दिली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरील बहुतेक बंधने अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर लागू व्हायची आहेत. माहिती कशासाठी हवी, हे सोप्या भाषेत सांगून संमती घेणे, ती संमती मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवणे, दिलेली संमती तितक्याच सहजतेने मागे घेता येणे, काम संपल्यावर माहिती पुसून टाकणे आणि माहिती फुटली तर ती ज्याची होती त्याला विनाविलंब कळवणे, ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

तथापि या कायद्याची कक्षा डिजिटल माहितीपुरती आहे. टेबलावर उघडी पडलेली कागदी वही संगणकात गेली नाही, तोवर त्या कायद्याच्या बाहेर राहते. चहाच्या टपरीवर झालेली कुजबुज तर कोणत्याच अधिनियमात सापडणार नाही. म्हणूनच कायदा पाळला की कर्तव्य संपले, असे मानणारी संस्था अर्ध्या वाटेवरच थांबलेली असते.

गुप्ततेची सीमा

याचा अर्थ गुप्तता निरपवाद आहे, असा मात्र नव्हे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविषयीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे 'मुलीच्या घरच्यांनी कोणाला सांगू नका म्हटले' ही सबब चालत नाही. एखाद्याने विष जवळ केले असेल, वा कोणाचा जीव घेण्याची तयारी चालवली असेल, तर मौन हे पाप ठरते. परंतु या अपवादांचीही एक रीत आहे. काय गुप्त राहील आणि काय सांगावे लागेल, हे संभाषणाच्या आरंभीच समजावून सांगितले पाहिजे. सांगावे लागलेच, तर ज्याला सांगणे भाग आहे त्यालाच आणि आवश्यक तेवढेच सांगितले पाहिजे. पोलीस ठाण्यात दिलेली माहिती संध्याकाळी बैठकीत चर्चेला येता कामा नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मदत घेणाऱ्याची गुप्तता म्हणजे संस्थेची गुप्तता नव्हे. बिहारमधील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर होणारे अत्याचार टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून बाहेर आले आणि २०१८ मध्ये देश हादरला. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. बंद दाराआड मुलींचे नाव सुरक्षित राहते म्हणून दार बंद ठेवायचे, की आतील पाप झाकले जाते म्हणून, हा प्रश्न समाजाने प्रत्येक संस्थेला विचारलाच पाहिजे. नावे झाकावीत, कारभार उघडा ठेवावा. हिशेब, तपासणी, तक्रारीची सोय या गोष्टींना गुप्ततेचे कारण सांगून नकार देणारी संस्था आपल्या आश्रितांच्या अब्रूची ढाल करून स्वतःला वाचवीत असते.

करायचे काय

यासाठी मोठा निधी वा महागडी यंत्रणा लागते, असा गैरसमज आहे. बहुतांश गोष्टी सवयीच्या आहेत. पहिली सवय कमी विचारण्याची. शिधा द्यायचा तर घरात खाणारी तोंडे किती, एवढे पुरते. आजार, जात, आधार क्रमांक यांची गरज काय? जी माहिती घेतलीच नाही, ती फुटण्याची भीती नाही. दुसरी, नाव आणि कहाणी वेगळी ठेवण्याची. एका वहीत नाव आणि क्रमांक, दुसरीत क्रमांक आणि हकिकत; दोन्ही वह्या वेगवेगळ्या कपाटांत, किल्ल्या वेगवेगळ्या हातांत. सहकाऱ्यांशी एखाद्या प्रसंगाविषयी विचारविनिमय करावाच लागतो. तो क्रमांकावर करता येतो, नावाची गरज पडत नाही.

तिसरी सवय फोनची. घरी फोन केल्यावर तो कोण उचलील, याचा भरवसा नसतो. अमुक सल्ला केंद्रातून बोलतो आहे, एवढे वाक्य सासूबाईंच्या कानी पडले तरी पुरे होते. म्हणून फोन करायचा की नाही, केव्हा करायचा आणि दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचे, हे आधीच त्या व्यक्तीला विचारून ठेवावे. चौथी, मोबाइलमधील गटांची. मदत हव्या असलेल्या कुटुंबाचे नाव, पत्ता, फोन आणि अडचण गटावर टाकण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. त्यातून मदत लवकर मिळते, हे खरेच. पण अशा गटात दोनशे माणसे असतात आणि पुढे पाठवलेल्या संदेशाला मालक नसतो. 'एका कुटुंबाला औषधांसाठी साहाय्य हवे आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा' एवढ्या मजकुराने देणारा हात आखडत नाही.

पाचवी सवय देणगीदारांना नाही म्हणण्याची, आणि तीच सर्वांत कठीण आहे. आपल्या पैशाचे काय झाले, हे जाणण्याचा दात्याला अधिकार आहे. ते कोणाला मिळाले, हे जाणण्याचा नाही. लेखापरीक्षकाने तपासलेला हिशेब दाखवावा, संख्या दाखवावी, काम दाखवावे. मात्र माणूस दाखवू नये. असे सांगितल्याने एखादा दाता दुरावेलही. परंतु छायाचित्राच्या अटीवर मिळालेली देणगी ही खरे तर गरजवंताच्या चेहऱ्याची किंमत असते, आणि ती ठरवण्याचा हक्क संस्थेला कोणी दिलेला नाही.

सहावी, निरोपाची. कार्यकर्ते बदलतात, गावे बदलतात, कोणी निवृत्त होते. जाताना वह्या परत याव्यात, मोबाइलमधील नावे पुसली जावीत, संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी नोंदी काढून घ्याव्यात, रद्दीत वह्या जाऊ नयेत. डोक्यात साठलेले मात्र परत करता येत नाही. ते आयुष्यभर सांभाळावे लागते. काम सोडले म्हणून ऐकलेल्याचे बंधन सुटत नाही, हे प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

कुटुंबांवरही याची काही जबाबदारी आहे. घरातील कोणी अशा कामात असेल, तर 'आज कोण आले होते?' असा प्रश्न जेवताना विचारू नये. आपली मुलगी वा सून सल्ला घ्यायला गेली, तर 'तिने आमच्याविषयी काय सांगितले?' असा जाब केंद्राला विचारू नये. केंद्राने सांगण्यास नकार दिला, तर राग येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या केंद्राने आज सुनेचे गुपित सासऱ्याला सांगितले नाही, तेच केंद्र उद्या सासऱ्यावर वेळ आली तर त्याचेही गुपित जपेल, एवढा विचार करावा.

सेवा ही उपकाराची भाषा नाही, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. त्या वाक्याची कसोटी सभागृहात लागत नाही. ती लागते बाजारात, लग्नमंडपात, देवळाच्या पायरीवर. जेथे मदत घेतलेला माणूस आणि मदत करणारा कार्यकर्ता समोरासमोर येतात. दोघांच्या मध्ये काय घडले होते, हे त्या दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून घेणारा माणूस नजर न चुकवता, मान ताठ ठेवून नमस्कार करू शकतो. त्याची ही ताठ मान, हीच त्या सेवेची पोचपावती होय.